खांब-रचनेचे सॉफ्टवेअर खाण अभियंत्यांना शिकवताना

इंदूरच्या आसपास कोळशाच्या खाणी नाहीत. त्यामुळे बैतूल जिल्ह्यातील पाथाखेडा किंवा छिंदवाड्याकडील पेंच-कान्हान भागातील मराठी अभियंत्यांसाठी येथे वर्ग भरवायचा असेल, तर त्यांना आपापल्या खाणीचा नकाशा आणि कोळशाचे चाचणी-अहवाल सोबत आणायला सांगावे.

पहिल्या सत्रात संगणक बंदच ठेवावा आणि एक खांब (छत पेलण्यासाठी खाणीत न काढता ठेवलेला कोळशाचा ठोकळा) कागदावर सोडवून घ्यावा. समजा, खोली 150 मीटर, गॅलरी (खांबांमधला बोगदा) 4.8 मीटर रुंद व 3 मीटर उंच, खांबांचे केंद्र ते केंद्र अंतर 25.5 मीटर आणि 25 मिलिमीटरच्या घनावर मोजलेली कोळशाची दाबक्षमता 30 मेगापास्कल आहे. वरच्या खडकाचा भार खोलीच्या दर मीटरला 0.025 मेगापास्कल धरल्यास खांबावर सुमारे 5.7 मेगापास्कल ताण येतो. धनबादच्या केंद्रीय खाण संशोधन संस्थेच्या सूत्राने त्याची ताकद सुमारे 14.9 मेगापास्कल येते, म्हणजे सुरक्षा गुणांक (ताकद भागिले ताण) 2.6.

आता तीच मापे सॉफ्टवेअरमध्ये भरायला द्यावीत आणि खांबाच्या रुंदीच्या रकान्यात मुद्दाम 25.5 लिहायला लावावे. गुणांक 3.3 होतो आणि प्रोग्रॅम कसलीही तक्रार करत नाही. आपल्या कोळसा खाण नियमावलीतील कोष्टकात केंद्र ते केंद्र अंतर असते, तर हा रकाना खांबाची प्रत्यक्ष रुंदी, म्हणजे 20.7 मीटर, मागतो. ही चूक प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करून पाहावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण ती गुणांक नेहमी फुगवते आणि खांब आहे त्यापेक्षा जास्त सुरक्षित भासवते. त्यानंतर योग्य रुंदी ठेवून उंची 4.5 मीटर करावी; गुणांक 1.8 वर उतरतो, आणि तळाचा कोळसा काढून उंची वाढवल्यास सुरक्षिततेत मोजावी लागणारी किंमत पडद्यावर दिसते.

सूत्राची निवडही शिकवावी लागते. सॅलमन आणि मन्रो यांचे 1967 चे सूत्र दक्षिण आफ्रिकेतील 98 टिकलेल्या आणि 27 कोसळलेल्या उदाहरणांवरून बांधलेले आहे. सॉफ्टवेअरच्या यादीत ते सहज निवडता येते, एवढ्यावरून आपल्या थरांना ते जसेच्या तसे लावू नये.

शेवटचे काम खाणीतच करून घ्यावे: बरीच वर्षे उभ्या असलेल्या पॅनेलमध्ये (खाणीच्या एका विभागात), बाजूंचा कोळसा सुटून खांब किती अरुंद झाला आहे हे टेपने मोजावे, तीच रुंदी भरून गुणांक पुन्हा काढावा आणि मूळ रचनेच्या आकड्याशेजारी नोंदवावा.