बोअरच्या पाण्यात टॉवेल कडक होतात? सॉफ्टनर घरीच करा

नवा असताना पाणी अलगद टिपणारा टॉवेल सहा महिन्यांत अंग खरवडायला लागतो. कापड जुनं झालं म्हणून असं होत नाही. त्याच्या धाग्यांत दोन गोष्टी अडकून बसलेल्या असतात: पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आणि नीट न निघालेली धुण्याची पावडर. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, त्याचाच भाऊबंद टॉवेलात असतो.

कपडे मऊ राहावेत म्हणून शेवटच्या विसळणीत घालतात ते बाजारातलं सॉफ्टनर हा थर काढत नाही. ते धाग्यावर स्वतःचं एक गुळगुळीत, मेणचट आवरण चढवतं. हाताला मऊ लागतं, वासही छान येतो, पण टॉवेल पाणी टिपेनासा होतो. घरचं सॉफ्टनर उलट्या बाजूने काम करतं: काही चढवत नाही, अडकलेलं काढून टाकतं. त्यासाठी आंबट काहीतरी लागतं, बस्स.

आधी पाणी तपासून घ्या. बाटली अर्धी भरा, आंघोळीच्या साबणाचा चिमूटभर कीस टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आला तर पाणी मृदू. फेस न येता पाणी दुधट झालं आणि वर साय तरंगायला लागली, तर ते जड. पिण्याच्या पाण्याची कठीणता, म्हणजे जडपणा, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी असं भारतीय मानक सांगतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये हा आकडा चढाच असतो. मुंबईत तानसा-वैतरणा-भातसाचं तलावाचं पाणी येतं, ते त्या मानाने मृदू. तिथे कपडे कडक होत असतील तर दोष बहुधा जास्त पावडरीचा.

साहित्य एकच: 100 ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे ढोकळ्यासाठी आणतो ते सायट्रिक अॅसिड. व्हिनेगरनेही काम होतं, पण आपल्याकडच्या व्हिनेगरात अॅसिड जेमतेम 4-5 टक्के असतं. तेवढाच परिणाम हवा तर दर धुण्याला पाव लिटरच्या आसपास ओतावं लागेल, आणि मशीनच्या कप्प्यात ते मावणारही नाही.

1. एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या. आरओचं पाणी असेल तर तेच घ्या.
2. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात लिंबूसत्त्व विरघळवा. तांब्या-पितळेचं आणि अॅल्युमिनियमचं भांडं नको, अॅसिड त्याला खातं.
3. बाटलीत भरून वर ठळक अक्षरात नाव लिहा. दिसायला ते साध्या पाण्यासारखंच असतं, त्यामुळे मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा. महिन्याभरात संपेल एवढंच करा.

फ्रंट लोड मशीनमध्ये फुलाचं चित्र असलेल्या कप्प्यात साधारण 80 मिली घाला; कप्प्यावरच्या रेषेच्या वर जाऊ नका. टॉप लोड मशीन शेवटच्या विसळणीला बरंच जास्त पाणी घेतं, तिथे दुप्पट. सेमी-ऑटोमॅटिक असेल किंवा हाताने धूत असाल, तर शेवटच्या बादलीभर पाण्यात 50 मिली घालून कपडे पाच मिनिटं बुडवून ठेवा आणि पिळून थेट वाळत घाला. या प्रमाणात कपड्यांना आंबट वास राहत नाही. मशीनच्या पुस्तिकेत अॅसिड वापरू नका असं लिहिलेलं असेल तर ते ऐका. मशीनच्या रबराला अॅसिड सोसतं की नाही, ते त्यांना ठाऊक.

टॉवेल आधीच पापडासारखा झाला असेल, तर अर्धी बादली गरम पाण्यात दोन मोठे चमचे कोरडं लिंबूसत्त्व टाकून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखा धुवा.

एक सोपी परीक्षा सांगते. पांढऱ्या कागदावर हळदीचं पाणी लावून वाळवा. सॉफ्टनर घालण्याआधीच्या विसळणीच्या पाण्याचा थेंब त्यावर लालसर झाला, तर पावडर अजून निघालेली नाही. वरणाचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो ना, तोच प्रकार. या आंबट पाण्यात तो डाग परत पिवळा होतो. तो निघाला नाही, फक्त रंग पालटला. काढायला कडक ऊनच लागतं.

आता काय करू नये. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडरीबरोबर हे कधीही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. एकाच धुण्यात ब्लीच आणि हे, असंही नको. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याची कृती सगळीकडे फिरते; फसफस झकास होते, पण दोघं एकमेकांना मारतात आणि हाती उरतं खारट पाणी. त्याहून भारी म्हणजे एप्सम सॉल्टचं सॉफ्टनर. ते मॅग्नेशियम सल्फेट असतं. ज्या मॅग्नेशियमने पाणी जड होतं तेच आपण पदरच्या पैशाने त्यात ओतायचं! केसांचं कंडिशनर पातळ करून वापरणं म्हणजे पुन्हा आवरण चढवणंच.

पैठणी, रेशीम आणि जरीला हे लावू नका. गडद किंवा कच्च्या रंगाच्या कपड्याचं टोक आधी भिजवून बघा. खळ घालायच्या सुती साड्यांना तर याची गरजच नाही, तिथे आपल्याला कडकपणाच हवा असतो.

सुगंधासाठी बाटलीत तेलाचे थेंब टाकू नका. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं आणि कपड्यावर डाग पाडतं. त्यापेक्षा कपाटात वाळ्याची जुडी ठेवा.

पावडरही निम्मी करून बघा. वाळत घालताना टॉवेल दोन्ही टोकं धरून दोन-तीनदा सणसणीत झटका आणि सुकल्यावर घडी घालण्याआधी पुन्हा एकदा. वाळताना धागे एकमेकांना चिकटतात, ते त्याने सुटतात. बराच खरखरीतपणा नुसत्या झटकण्यानेच जातो, पण हे काम घरातल्या कुणालाच आवडत नाही.