ऑनलाइन समुपदेशन घेताय? आधी जागा शोधा
वन-बीएचकेत सासूबाई बाहेर टीव्ही बघत असताना नवऱ्याबद्दल मोकळेपणी कोण बोलेल? म्हणून वेळ घेण्याआधी जागा ठरवा: गच्ची, उभी केलेली गाडी, नाहीतर दार लावून पंखा फुल आणि कानात इअरफोन. तीन ओळी कागदावर लिहून ठेवा. झोप कशी लागते, छातीत धडधड कधी होते, शेवटचं भांडण कशावरून पेटलं. (आमच्याकडे ओल्या टॉवेलवरून!) नाहीतर पहिली वीस मिनिटं ‘तसं काही विशेष नाही’ म्हणण्यातच जातात. पैसे भरण्याआधी समुपदेशकाचं शिक्षण विचारा, त्यात संकोच कसला. खर्च झेपत नसेल तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे: १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही. जीव नकोसा वाटत असेल तर सत्राची वाट बघू नका, तिथे लगेच फोन लावा.