पहिली गाडी, तीही जुनी आणि गिअरची: घ्यावी कशी, चालवावी कशी, टिकवावी कशी

सेकंड हँड गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती किलोमीटर झाले? मीटरचा आकडा मागे फिरवता येतो हे सगळ्यांना माहीत असतं, तरी प्रश्न तोच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात गाडी घेणाऱ्याने त्याआधी दोन गोष्टी शोधाव्यात. गाडी पाण्यात गेली होती का, आणि आधीचा मालक क्लचवर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा-सोडवणारा भाग) पाय ठेवून चालवायचा का. पुराचं पाणी वायरिंग खातं आणि पेडलवर विसावलेला डावा पाय क्लच खातो. इंजिन सोडलं तर बाकीची कामं त्यामानाने स्वस्तात निघतात.

आधी पासिंग बघा

आपल्याकडे एकाच गल्लीत केए-२२, केए-२३, एमएच-०९ आणि गोव्याच्या पासिंगच्या गाड्या उभ्या असतात. चंदगड, कागलकडचा कोणी ओळखीचा गाडी काढतोय म्हटल्यावर मोह होतोच. पण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी १२ महिन्यांहून जास्त काळ इथे ठेवायची असेल तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी कोल्हापूर आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला (फॉर्म २८), मग इथल्या आरटीओत नवी नोंदणी, आणि गाडीच्या वयानुसार कर्नाटकचा आजीवन कर. हा कर हलका नसतो. महाराष्ट्रात भरलेल्या करातला उरलेला भाग परत मागता येतो, पण तो तिकडच्या आरटीओकडे, वाट बघायची तयारी ठेवून. हा सगळा खर्च किमतीत मिळवा आणि मग तुलना करा. पहिलीच गाडी असेल तर माझं मत सरळ आहे: चार पैसे जास्त गेले तरी आपल्याच आरटीओची घ्या.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, अर्ज ऑनलाइन सुरू होतो. घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावून घ्यायचं. सह्या केलेले फॉर्म कपाटात ठेवून वर्षभर गाडी फिरवणारे पुष्कळ भेटतात. अपघात झाला की कागदावरचा जुना मालक आणि गाडी चालवणारा, दोघेही अडकतात. आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा सोसायटीचं नाव असेल तर त्यांची एनओसी आणि तो बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. 'वाहन' या सरकारी पोर्टलवर नंबर टाकून विमा, पीयूसी आणि थकलेले चलन बघून घ्या. नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर एफसी (फिटनेसची तपासणी) करून ५ वर्षांसाठी वाढते. १३-१४ वर्षांची गाडी स्वस्त का मिळते ते यावरून कळेल. विमा आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याकडेच राहतो, गाडीबरोबर येत नाही. फास्टॅगही त्याला बंद करायला सांगा.

गाडी बघायला सकाळी जा

संध्याकाळी दिव्याच्या उजेडात कुठलीही गाडी बरी दिसते. सकाळी जा, आणि इंजिन आधी सुरू करून ठेवू नका असं फोनवरच सांगा. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर थंड असताना येणारा आवाज किंवा धूर तुम्हाला दिसू नये असा बेत असू शकतो.

पाण्याची खूण सगळ्यात आधी शोधा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा, पंचगंगा, वेदगंगेच्या पुराने कोल्हापूर, सांगलीपासून चिक्कोडी, निपाणीपर्यंत असंख्य गाड्या बुडाल्या. धुऊन, वाळवून, नवे सीटकव्हर चढवून विकायला आलेली गाडी वरून ओळखू येत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा; आतल्या भागावर मातीची रेघ असेल तर तिथवर पाणी चढलं होतं. मॅट उचलून वास घ्या. सीटखालचे बोल्ट, डॅशबोर्डखालचे स्क्रू गंजलेत का बघा. स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात गाळ आहे का बघा. नवा सुगंधी डबा लटकवलेला असेल तर जास्तच वास घ्या.

गोव्यातून आलेल्या गाडीची तपासणी खालून करा. खारी हवा दरवाजांच्या तळाच्या कडा आणि चाकांवरची कमान आतून पोखरते.

आता क्लच. मोकळ्या, सपाट जागी हँडब्रेक पूर्ण ओढा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाका, थोडा ॲक्सिलरेटर देत क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच धडपडून बंद पडायला हवं. ते खुशाल फिरत राहिलं तर क्लच प्लेट संपली आहे आणि तो खर्च किमतीतून वळता करायचा. ही चाचणी एकदाच करा, सारखी केली तर चांगला क्लचही जळेल. मग गाडी चढावर न्या. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो आणि वेग मात्र तिथेच राहतो, तरी निदान तेच.

सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत शिरतंय. ती गाडी सोडून द्या. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटर तीस हजार सांगतोय आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर रबरावर विश्वास ठेवा. एवढं सगळं जमलं की ओळखीच्या मेस्त्रीला घेऊन दुसऱ्यांदा जा. त्याचे पाचशे-हजार द्यायला कचरू नका.

क्लच पायाला कळू द्या

लायसन्स नसेल तर आधी एलएलआर (शिकाऊ लायसन्स) काढा. ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. शिकताना शेजारी लायसन्सवाला माणूस आणि गाडीवर लाल ‘एल’ हवाच. सराव नव्या लेआउटमधल्या रिकाम्या रस्त्यांवर करा. क्रम असा ठेवा:

१. सीट इतकी पुढे घ्या की क्लच तळाला टेकला तरी गुडघा थोडा वाकलेला राहील. उंची कमी असणारे इथेच चुकतात आणि मग क्लच अर्धाच दाबला जातो, गिअर करकरतो.

२. पहिला गिअर टाकून ॲक्सिलरेटरला हातही, म्हणजे पायही, लावू नका. क्लच अगदी सावकाश वर सोडा. एका जागी गाडी किंचित थरथरते, नाक उचलते. क्लच तिथे पकडतो. तिथेच पाय थांबवा, गाडी सरकू लागेल. पुन्हा दाबा, ब्रेक लावा. हे कंटाळा येईपर्यंत करा.

३. जागा पायाला कळली की ॲक्सिलरेटर जोडा. इंजिनचा आवाज थोडा वाढवा, मग क्लच सोडा. गाडी बंद पडली तर क्लच दाबून, न्यूट्रल करून परत सुरू करायची. मागचा हॉर्न वाजवतोच, वाजवू दे.

४. दुसरा, तिसरा गिअर आवाजावरून टाकायला शिका. साधारण १५ ला दुसरा, ३० ला तिसरा, ४५ च्या पुढे चौथा, पण इंजिन गुरगुरायला लागलं किंवा ढेकळावरून गेल्यासारखी गाडी हादरली तर खालचा गिअर हवा.

५. गिअर पडला की डावा पाय क्लचवरून काढून बाजूला जमिनीवर ठेवा. ही सवय पहिल्या आठवड्यात लागली तर लागते.

थांबताना आधी ब्रेक, गाडी अगदी हळू झाली की क्लच. शिकणारे उलटं करतात, मग इंजिन चाकांपासून सुटतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

चढ, घाट आणि पावसाळा

कपिलेश्वर उड्डाणपुलावर चढात रहदारी अडली की नवा माणूस घामाघूम होतो. हँडब्रेक ओढा. पहिला गिअर, थोडा ॲक्सिलरेटर, क्लच पकडेपर्यंत वर. नाक उचललं की हँडब्रेक सोडा. गाडी मागे जात नाही. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, गाडी तोलून धरण्यात काही जणांना मोठी हुशारी वाटते. जळका वास येतो तो त्याच हुशारीचा. हे पक्कं करायला येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ चांगला, मात्र सुट्टी आणि गर्दीचा दिवस टाळून.

मग चोर्ला, अनमोड, आंबोली हे घाट. उतरताना नियम सोपा: ज्या गिअरमध्ये हा उतार चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, बहुतेक ठिकाणी दुसरा किंवा तिसरा. इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं, ब्रेक अधूनमधून वेग कमी करण्यापुरता. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे गाडी केवळ ब्रेकवर सोडतात. ब्रेक तापून पकड सुटली की पुढे वळण असतं. पेट्रोलही वाचत नाही, कारण इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये उतरताना पाय उचलला की इंधन बंद होतं. अरुंद जागी समोरासमोर आलात तर चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, तसा नियमच आहे.

जांबोटी, कणकुंबीच्या पावसात आणि धुक्यात दिवा खालच्या बीमवर ठेवा, वरचा बीम धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. रस्त्यावर वाहतं पाणी असेल आणि खोली कळत नसेल तर थांबा. उथळ असेल तर पहिल्या गिअरमध्ये, इंजिनचा आवाज एकसारखा ठेवून, मध्ये गिअर न बदलता पार करा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत किल्ली फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग इंजिनच उतरवावं लागतं. गाडी ढकलून बाहेर काढा.

हिवाळ्यात चिक्कोडी, निपाणी, हुक्केरीकडे रात्रीचा खरा धोका उसाचा. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, ऊस बाजूने बाहेर आलेला. ऊसतोडीच्या दिवसांत तिकडे रात्री साठच्या वर जाऊ नका, आणि समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले की वेग आणखी उतरवा.

घरी आणल्यावर

जुना मालक "आत्ताच सर्व्हिसिंग केलंय" म्हणाला तरी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या. गिअर ऑइलही बघायला सांगा. त्या दिवसापासूनचा हिशेब तुमचा. साधारण दर १०,००० किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल तेव्हा इंजिन ऑइल. धुळीच्या, क्वारीच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याने एअर फिल्टर त्याआधीच उघडून बघावा. इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा टायमिंगचा पट्टा रबरी बेल्ट आहे की चेन, हे मॅन्युअलमध्ये बघा. बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याचा पुरावा नसेल तर बदलाच. तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात.

आठवड्यातून एकदा, गाडी सपाट जागी थंड असताना, ऑइलची पट्टी काढून पुसून परत घालून बघा: पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कूलंट बाजूच्या टाकीवरून कळतं, तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका. टायरमधली हवा दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, थंड टायरमध्ये, स्टेपनीसकट. पावसाळ्याआधी वायपरचं रबर बदला आणि काचेखालच्या जाळीतला पाला काढा, नाहीतर पाणी आत उतरतं. शेताकडेला गाडी लावत असाल तर उंदीर वायरी कुरतडतात. बॉनेट अधूनमधून उघडत राहा. पावसात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढू नका, मागचे ब्रेक चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

आणि क्लचचा आवाज ओळखून ठेवा. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असताना क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) खराब. आधीपासून असलेली घरघर दाबल्यावर थांबली तर गिअरबॉक्समधलं बेअरिंग. दोन्हीसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, तेव्हा क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला. सुट्या भागांइतकीच मजुरी लागते, ती दोनदा देऊ नका.