राजकारण, प्राध्यापकी की परराष्ट्र सेवा? नागपूरच्या पोरींसाठी

माझ्या राज्यशास्त्राच्या वर्गातल्या मुली विचारतात, "मॅडम, यातलं एकच निवडावं लागतं का?" नाही गं. पण क्रम लावावा लागतो.

वयाचं बंधन परराष्ट्र सेवेला आहे, म्हणून ती आधी. त्यासाठीच्या यूपीएससीला खुल्या गटात ३२ वर्षांपर्यंत सहाच संधी मिळतात. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते. इंग्रजीचा पेपर मात्र पास व्हावाच लागतो. एम.ए. करता करता प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षाही देऊन टाका, अभ्यास बराचसा तोच.

राजकारण शिकायला आपल्याइतकी सोय कुठे आहे? हिवाळी अधिवेशन बर्डीजवळच भरतं. आमदारांकडून गॅलरीचा पास मिळवा, प्रश्नोत्तराचा तास ऐका. मंत्री कुठल्या आकड्यावर अडले, उपप्रश्न कोणी नेमका टाकला, हे घरी येऊन त्याच रात्री लिहून काढा. ही सवय पुढे मुलाखतीत, वर्गात आणि वाटाघाटीतही कामी येते. महापालिका लढवायला २१ वर्षं पूर्ण लागतात आणि निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. पण आधी वॉर्डातल्या पाण्याच्या, नाल्याच्या तक्रारी घेऊन झोन कार्यालयात जायला लागा.

घरचे "पोरीच्या जातीला हे कशाला" म्हणाले, तर अनसूयाबाई काळ्यांचं नाव सांगा. १९५२ला त्या नागपूरच्या खासदार झाल्या. आणि परराष्ट्र सेवेतल्या अधिकारी सी. बी. मुथम्मांचं सांगा: लग्नाला सरकारची परवानगी मागायला लावणाऱ्या नियमाविरुद्ध त्या सुप्रीम कोर्टात गेल्या, १९७९ साली.