मोनो मासा पाळताय? सोलापूरकरांनो, या चुका टाळा

चकचकीत चंदेरी, ताटलीसारखा चपटा, डोळ्यावरून काळा पट्टा. दुकानात मोनो दिसला की पोरं हट्ट करतात आणि आपण 'एंजलच आहे की' म्हणून घेऊन येतो. पहिली चूक इथंच होते. एंजल दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा, गोड्या पाण्यातला. मोनो तांबड्या समुद्रापासून सामोआपर्यंतच्या किनाऱ्यांवरचा, आपल्या भारताच्या खाड्यांतही असतो. पिल्लं खाडीत, कधी गोड्या पाण्यातही येतात म्हणून दुकानदार साध्या पाण्यात ठेवतो आणि 'चालतंय ओ' म्हणतो. पण मोठा होईल तसं त्याला मीठ लागतंच. अंग काळवंडलं, पंख मिटून कोपऱ्यात बसला, खाणं सोडलं की लोक औषधं ओतत बसतात, पण आधी अमोनिया (माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारं विष) आणि खारटपणा तपासा.

मीठ स्वयंपाकघरातलं नको, मरीन सॉल्टच (समुद्री माशांच्या टाकीसाठीचं मीठ) आणा. बादलीत वेगळं विरघळवा, मग टाकीत घाला. सुरुवातीला हायड्रोमीटरवर (पाण्याच्या घनतेवरून खारटपणा दाखवणारं साधन) १.००५ च्या आसपास ठेवा, मग काही आठवड्यांत हळूहळू १.०१० पर्यंत न्या (लिटरमागे साधारण १४ ग्रॅम), एकदम वाढवलं तर फिल्टरमधले अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया मरतात आणि अमोनिया चढतो. पूर्ण वाढलेल्याला तर जवळजवळ समुद्राइतकं खारं पाणी मानवतं.

आता सोलापूरचा खरा घोळ सांगतो. एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या पुढं जातो, टाकीतलं पाणी बघता बघता खाली जातं आणि आपण परत मिठाचंच पाणी भरतो. अहो, वाफ पाण्याची होते, मीठ आतच राहतं! मग खारटपणा नकळत वाढत जातो. काचेवर मार्करनं रेघ मारा, पाणी रेघेखाली गेलं की नुसतं साधं क्लोरीन काढलेलं पाणी घाला, मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना. बोअरचं जड पाणी काही माशांना त्रास देतं, ह्याला उलट चालतं.

गरम आणि खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यामुळं लाईट गेली की फार वेळ दम निघत नाही, बॅटरीवरचा एअर पंप घेऊनच ठेवा.

एकटा मोनो बुजतो, किमान पाच-सहा हवेत. सोबत गप्पी टाकू नका, गिळतो. स्कॅट (खाऱ्या पाण्यातलाच ठिपक्यांचा मासा) चालतो. आणि हा २५ सेंटीमीटरपर्यंत वाढतो, दोन फुटी टाकीत ह्याचे हालच होतात, पाच-सहा फुटी टाकी जमणार नसेल तर पोरांना समजवा आणि दुसरा मासा घ्या.