खोली ओली, लेकरं आजारी: कुटुंबाची केस उभी राहील अशी घराची पाहणी कशी करायची

भाड्याच्या खोलीत, नगरपालिकेच्या जुन्या क्वार्टरमध्ये किंवा कंपनीच्या पत्र्याच्या लाइनीत राहणाऱ्या कुटुंबाला कायद्याची मदत मिळवून द्यायची असेल तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. घर किती वाईट आहे एवढंच दाखवून केस उभी राहत नाही. वकिलाला पाच गोष्टी एकमेकींना जोडलेल्या लागतात: काय बिघडलंय, कधीपासून, ते नीट करायची जबाबदारी कोणाची, त्याला हे कधी कळवलं, आणि त्यानंतर घरातल्या कोणाला काय झालं. यातली चौथी सगळे विसरतात. भिंतीचे पन्नास फोटो असतात आणि मालकाला कळवल्याचा एक कागद नसतो, मग मालक सरळ म्हणतो मला कोणी सांगितलंच नाही.

म्हणून पाहणीला जाल तेव्हा टेप, वही आणि फोन तर न्याच, पण पहिला प्रश्न हाच विचारा की मालकाला शेवटचं कधी सांगितलं आणि तो काय म्हणाला. "मालक म्हणायलाय दिवाळी झाल्यावर बघू" असं बाई म्हणाली तर ते तिच्याच शब्दात लिहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर मालकाचा नुसता "बघतो" असा रिप्लाय असला तरी सोन्यासारखा आहे, कारण त्याला माहीत होतं हे त्यातून निघतं. तो मेसेज डिलीट करू नका आणि फोन बदलला तरी जुना फोन फेकू नका.

घरात शिरायच्या आधी कुटुंबाशी नीट बोलून घ्या. मराठवाड्यात मोंढ्याजवळ म्हणा, वाळूजकडं म्हणा नाहीतर जालन्याच्या एमआयडीसीकडं म्हणा, खोली मिळणं सोपं नाही, त्यात जात विचारून खोली नाकारणारे आहेतच, म्हणून तक्रार केली तर उद्या सामान बाहेर येईल ही भीती खरी असते. ती उडवून लावू नका. माहिती गोळा करणं वेगळं आणि नोटीस पाठवणं वेगळं हे त्यांना समजावून सांगा, आणि ते हो म्हणेपर्यंत मालकाच्या कानावर काही जाऊ देऊ नका. शेजाऱ्यांसमोर आजाराचं नाव घेऊ नका, टीबीचं तर अजिबात नाही.

आता तारखा. कोणाला तारीख आठवत नाही, पण सण सगळ्यांना आठवतात. गळायला पोळ्याच्या आधी लागलं की नंतर, गौरी बसल्या तेव्हा भिंत कोरडी होती का, लातूर-धाराशिवकडं असाल तर येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लेकरू शेतात आलं होतं की तापानं घरीच झोपून होतं, असं विचारा आणि मग कॅलेंडर काढून तारीख लावा. वहीत दोन्ही लिहा, त्यांनी सांगितलेला सण आणि तुम्ही लावलेली तारीख, म्हणजे उलटतपासणीत कोणी गोंधळवलं तरी बाई सणावर ठाम राहते. "ओलीमुळंच दमा झाला ना?" असं कधीच विचारू नका, उत्तर तुम्हीच तोंडात दिल्यासारखं होतं. त्यापेक्षा विचारा, खोकला रात्री जास्त असतो का दिवसा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला गेल्यावर कमी होतो का. गावाला गेलं की बरं आणि खोलीवर आलं की पुन्हा चालू, हे आईनं स्वतःहून सांगितलं तर डॉक्टरला पुढचा विचार करायला धागा मिळतो. कारण काय ते डॉक्टरनं लिहायचं, आपण नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राचा केसपेपर, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, अंगणवाडीतली वजनाची नोंद, जे जे मिळेल त्याची झेरॉक्स घ्या, आशाताईंना भेटा, घराघरातली माहिती त्यांच्याकडं असते, पण कुटुंबाला विचारूनच.

ओल बघताना जरा वेळ द्या, कारण सगळी ओल सारखी नसते आणि मालकाचा वकील हमखास म्हणणार की बायका घरात कपडे वाळवतात म्हणून ओल आली. जमिनीपासून साधारण कमरेपर्यंतच भिंत ओली असेल, वर कोरडी असेल, पोपडे सुटून पांढरा लोणा (खारट थर) लागला असेल तर पाणी घराच्या पायातून वर चढतंय. वरून खाली ओघळ असतील, पावसानंतर वाढत असतील तर छत गळतंय. एका कोपऱ्यात किंवा मोरीच्या मागं कायम ओलं असेल, उन्हाळ्यात पण, तर पाइप फुटलेला असू शकतो. आणि मालक म्हणतो तसं घरातल्या वाफेची ओल आहे का हे तपासायला एक सोपी युक्ती आहे. भिंतीचा हातभर भाग पुसून त्यावर स्वच्छ प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बसवा आणि एक दिवस तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी थेंब कागदाच्या आतून, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय, खोलीकडच्या बाजूला आले तर खोलीतल्या दमट हवेचे आहेत. लावतानाचा आणि काढतानाचा, दोन्ही फोटो घ्या. यानं केस जिंकत नाही, पण इंजिनिअरला बोलवायचं का आणि त्याला काय विचारायचं ते कळतं.

भेगांचं आपल्याकडं वेगळं आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आटते, त्यामुळं मराठवाड्यात बऱ्याच घरांना भेगा असतात आणि प्रत्येक भेग धोक्याची नसते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ मारून बाजूला तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांनी भेग रेघेच्या पुढं गेली असेल, दार चौकटीत अडकायला लागलं असेल, भिंतीला पोट आलं असेल तर नगरपालिकेच्या इंजिनिअरकडं लेखी अर्ज द्यायची वेळ आली. जुन्या माळवदाच्या, म्हणजे लाकडावर मातीचं छत असलेल्या घरात तर थांबूच नका. तुळई वाकलेली दिसली, कडीपाटातून माती गळत असेल तर पाहणी राहू द्या, आधी माणसं बाहेर काढा, झोपायची सोय दुसरीकडं करा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं मातीचं ओझं झोपेतल्या माणसांवर आलं, आणि भूकंप नसला तरी नुसत्या झडीच्या पावसात अशी घरं आजही बसतात. महापालिका हद्दीत पडायला आलेल्या इमारतीवर कारवाई करायचा अधिकार १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ नुसार आयुक्तांना आहे, तिथं अर्ज करून पोच घ्या. पण इमारत पाडायचा हुकूम निघाला तर कुटुंब जाणार कुठं हे वकिलाशी आधी बोला, मग अर्ज करा.

खोलीचं माप घ्या. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं असं नुसतं लिहू नका, लांबी, रुंदी, पत्र्याची उंची, खिडकीची उघडणारी जागा, चूल कुठं आहे, धूर कुठून जातो, सगळं वहीत काढा, हातानं काढलेला नकाशा चालतो. राष्ट्रीय इमारत संहितेत कोरड्या उष्ण भागासाठी खिडक्या-झरोक्यांची जागा जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश धरलीय, म्हणजे १०० चौरस फुटाच्या खोलीला १० चौरस फूट. आपल्या लाइनीतल्या खोल्यांना कित्येकदा दारच तेवढं असतं. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली थर्मामीटर लटकवा, सावलीत, पत्र्याला न टेकवता, आणि त्याच वेळी बाहेर सावलीतलं तापमान पण लिहा. परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात आत बाळंतीण आणि तान्हं बाळ असेल तर हे दोन आकडे खूप बोलतात.

विजेला हात लावू नका. पत्र्याला झिणझिण्या येतात असं कोणी सांगितलं तर मेन बंद करायला सांगा, वायरमन आणा आणि अर्थिंग आहे का ते त्याच्याकडून लिहून घ्या.

पाण्याचं मात्र स्वतः करता येतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का हे ग्रामपंचायतीतला जलसुरक्षक ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्टनं जागेवर दाखवतो, पिवळा रंग आला तर आहे, आलाच नाही तर नाही, आणि नळाच्या टोकाला लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम असायला पाहिजे. जंतूंसाठी एच-टू-एसची बाटली मिळते, पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसात काळं पडलं तर पाणी दूषित आहे असं समजा. पण कोर्टासाठी लॅबचा रिपोर्ट लागतो, त्यासाठी निर्जंतुक बाटली लॅबकडूनच घ्या, कोल्ड्रिंकची रिकामी बाटली चालत नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा, आणि बाटलीवर जागा, वेळ, भरणाऱ्याची सही घ्या. बोअरचं पाणी असेल तर फ्लोराइड आणि नायट्रेट पण तपासायला सांगा. पिण्याच्या पाण्यात लिटरमागं फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत, नायट्रेट ४५ पर्यंत. आठ-दहा दिवसांनी पाणी येतं म्हणून लोक ड्रम भरून ठेवतात आणि त्यात डेंग्यूचा डास होतो, मग दोष कुटुंबाला देतात. म्हणून पाणी कोणत्या दिवशी आलं याची नोंद घरातल्या शाळकरी पोराला कॅलेंडरवर करायला लावा, पाणी साठवावं का लागतं ते त्यावरून दिसतं.

फोटो काढताना आधी दारातून सगळी खोली, मग ती भिंत, मग जवळून डाग, आणि जवळच्या फोटोत टेप किंवा दहाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. पावसाआधी आणि पावसानंतर त्याच जागेवर उभं राहून काढा. लेकरांचे चेहरे, उघड्यावरची अंघोळ, असलं काही नको, त्या घराची पण इज्जत आहे. फोटोवर बाण काढायचा असेल तर कॉपीवर काढा, मूळ फाइल तशीच राहू द्या, वकिलाला पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर फोटो दबून जातो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणं अशा फोटोंसोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, एक भाग ज्याच्या फोनमधून काढलेत त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. म्हणून घरी पाच जणांनी पाच फोननं फोटो काढण्यापेक्षा एकाच फोननं काढलेले बरे.

आता जबाबदारी कोणाची. शहरात भाड्याची खोली असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ बघा. करारात उलट काही लिहिलेलं नसेल तर कलम १४ प्रमाणं खोली राहण्यालायक ठेवणं मालकाचं काम आहे. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसात त्यानं दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून कापू शकतो, पण वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. वकिलाला विचारल्याशिवाय कापू नका, नाहीतर भाडं थकवलं म्हणून उलटी केस होते. पाणी, लाइट तोडून त्रास देत असेल तर कलम २९ आहे. आणि "आमचा करारच नाही, तोंडी आहे" म्हणून लोक घाबरतात, तर कलम ५५ वाचा: करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे, तसा नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. तरी राहतो याचा पुरावा जमवा, भाड्याचे फोनपेचे मेसेज, लाइटबिल, गॅसचं कार्ड, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता.

दोष खोलीचा नसून गल्लीतली तुंबलेली नाली घरात येत असेल तर वाट वेगळी. मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेच्या केसमध्ये १९८० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पैसे नाहीत म्हणून नगरपालिकेला नाल्या आणि संडासाचं काम टाळता येत नाही. त्यात वापरलेलं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ (सार्वजनिक उपद्रव हटवण्याचं) आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ झालंय, अर्ज कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडं, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांताकडं जातो. आधीच्या तक्रारींचं काय झालं ते माहिती अधिकारात मागवा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, ३० दिवसात उत्तर यायला पाहिजे. ऊसतोडीला गेलेल्या टोळीच्या कोप्यांचं (तात्पुरत्या झोपड्यांचं) अवघड आहे, कारण कारखाना टोळी आणणाऱ्या मुकादमाकडं बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडं, तिथं उचल (आगाऊ पैसे) दिल्याचा कागद, गाडीचा नंबर, वजनकाट्याची पावती जपून ठेवा, सीझन संपल्यावर कोपी राहत नाही, कागद राहतो.

फाइल तयार झाली की जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, तालुक्याला समिती असते, फोन करायचा तर १५१००. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणं बाई, लहान मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही, वकील फुकट मिळतो. म्हणून अर्ज शक्यतो आईच्या नावानं करा. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे पण त्यासाठी शपथपत्र साधारणपणे पुरतं.

वकिलाला वाटलं तर तो कोर्टाकडं कमिशनर मागतो, म्हणजे कोर्टाचा माणूस येऊन खोली बघून अहवाल देतो. तो येणार हे कळलं की दोन गोष्टी होतात. मालक घाईनं चुना मारून घेतो, आणि घरातली बाई पाहुणा येणार म्हणून रात्रभर भिंती घासते. तिला आधीच सांगा, मावशी, भांडी आवरा पण भिंतीला हात लावू नका. आणि मालकानं रंग मारलाच तर त्या दिवशीची तारीख आणि फोटो वहीत टाका, पुढच्या पहिल्या पावसानंतर त्याच जागेवर उभं राहून परत काढा. फाइलची एक पूर्ण प्रत कुटुंबाकडंच ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत, पेटीत वरच्या बाजूला, जमिनीला लागून नको.