बायकांसाठीच्या मोबाइल गेमचं आर्ट करताय? या चुका टाळा

मागच्या भरतीत माझ्याकडे अकरा पोर्टफोलिओ आले. सगळ्यांना एकच टेस्ट दिली होती: घरसजावटीच्या मॅच-थ्री गेमचा (सारखे तीन तुकडे जुळवले की ते फुटतात तो खेळ) एक बोर्ड, खेळणाऱ्या मुख्यतः ३५ ते ५५ वयाच्या बायका. अकरापैकी नऊ बोर्ड गुलाबी होते. हात चांगला असलेली मुलंमुली होती ती, म्हणूनच जीव तुटतो. आधी याच चुकीबद्दल बोलते, कारण ही चूक मीही केली आहे आणि ती महागात पडली होती.

बाहेरच्या एका क्लायंटचं काम होतं, फुलांचा मॅच-थ्री. मी लाल गुलाब, राणी रंगाची शेवंती, जांभळं कमळ अशी फुलं केली आणि मागे फिकट गुलाबी बोर्ड ठेवला. स्टुडिओतल्या सत्तावीस इंची मॉनिटरवर तो इतका सुरेख दिसायचा की येणारा-जाणारा थांबून बघायचा. क्लायंटने पहिल्याच फेरीत मान्यता दिली. पुढे खेळता येईल असं बिल्ड आलं, ते मी मावशीच्या फोनवर टाकलं. मावशी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची. ती खेळते रात्री साडेदहानंतर, नातवाला थोपटून निजवलं की. खोलीत अंधार, पोराची झोप मोडू नये म्हणून ब्राइटनेस अगदी खाली, वर डोळ्यांना त्रास नको म्हणून पिवळट स्क्रीनचा मोड लावलेला आणि स्क्रीनगार्डला कोपऱ्यात तडा. पाच मिनिटांनी तिने फोन माझ्यापुढे धरला. ‘‘अगं, ही तिन्ही फुलं एकच आहेत ना? मग फुटत का नाहीत?’’

एक गुलाब होता, दोन शेवंत्या. मी लगेच स्क्रीनशॉट काढून कृष्णधवल करून बघितला. दोन्ही फुलं सारख्याच करड्या छटेची आणि दोन्ही गोल. मी फक्त रंगाच्या भरवशावर होते आणि पिवळट मोडने तो फरकही पुसून टाकला. त्यात वयानुसार डोळ्याचं भिंग पिवळसर होत जातं आणि बाहुली लहान होऊन डोळ्यात प्रकाश कमी जातो. पंचविशीतल्या आर्टिस्टला जे दोन रंग वेगळे दिसतात, ते तिला तसे दिसतीलच असं नाही. आम्ही सगळी फुलं पुन्हा केली. त्यात तीन आठवडे गेले.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे. आधी सगळे तुकडे निव्वळ काळ्या आकारात काढायचे आणि नखाएवढे करून हातभर अंतरावरून बघायचे. ओळखू आले, तर करड्या छटा द्यायच्या: एक गडद, एक फिकट, बाकीचे मधल्या पायऱ्यांवर. रंग सगळ्यात शेवटी. ‘‘मॅडम, रंग टाकल्यावर दिसेल ना वेगळं,’’ असं प्रत्येक नवीन मुलगा म्हणतो. नाही दिसत, बाळा. आकार चुकला असेल तर रंग तो सावरत नाही. २०१२मध्ये आलेल्या कँडी क्रशच्या गोळ्या आठवून बघा. लाल गोळी घेवड्याच्या बीसारखी, पिवळी थेंबासारखी, हिरवी चौकोनी, निळी गोल. रंग काढून घेतले तरी बऱ्याचशा ओळखता येतात.

गुलाबी वर्ज्य नाही. बक्षिसाच्या पेटीला द्या, एखाद्या रिबिनीला द्या. पण ‘बायकांसाठी’ या शब्दाचं भाषांतर म्हणून तो वापरू नका. होमस्केप्स या घरसजावटीच्या मॅच-थ्री गेमचा चेहरा आहे ऑस्टिन नावाचा बटलर. रॉयल मॅच या तशाच गेममध्ये गोलमटोल राजा आहे. बायका ते तासन्‌तास खेळतात, कारण त्या जगात घर लागतं, बाग फुलते आणि राजा संकटातून सुटतो.

दुसरी चूक म्हणजे तपशिलाचा हव्यास. हिच्यापायी चांगली माणसं दमून जातात.

इथल्याच बाजारासाठी एक ड्रेस-अप गेम करत होतो. पाडव्याच्या इव्हेंटला पैठणी हवी होती. आमच्याकडच्या एका मुलाने खऱ्या पैठणीचे फोटो समोर ठेवून सहा दिवस पदर काढला. मोरांची रांग, प्रत्येक पिसातला डोळा, नारळी काठाचं प्रत्येक टोक. झूम करून बघितलं की डोळ्यांत पाणी यावं असं काम. फोनवर ती बाई उभी राहिली जेमतेम चार सेंटिमीटरची आणि पदर अंगठ्याच्या नखाएवढा. जरीच्या जागी मातकट तपकिरी डाग. एक तर चित्र लहान केलं की बारीक रेषा एकमेकींत मिसळतात. वर गेममध्ये टेक्श्चर, म्हणजे चित्राची फाइल, कमी जागेत मावावी म्हणून दाबून ठेवावं लागतं. एएसटीसी या दाबण्याच्या पद्धतीत चित्राचे छोटे चौकोन पाडतात, उदाहरणार्थ ६ बाय ६ पिक्सेलचे, आणि चौकोन केवढाही असला तरी त्याला मिळतात १२८ बिट. त्या ३६ पिक्सेलमध्ये सोनेरी, हिरवा, काळा आणि लाल एकत्र कोंबले, की ते नीट मावत नाहीत आणि गढूळ होतात.

त्याच्या शेजारी बसून आम्ही पदर पुन्हा काढला. फोन समोर धरून, डोळे किलकिले करून विचारायचं, पैठणी कशामुळे ओळखू येते? रुंद जरीचा काठ. भरलेला पदर. गडद, मोकळं अंग. मग पदरावर एकच मोठा मोर ठेवला, काठाची टोकं जाड आणि मोजकी, अंगावर चार-पाच बुट्ट्या. जरीसाठी त्याने सपाट पिवळा भरला होता, तो काढला. सोनं पिवळ्या रंगाने चमकत नाही. गडद तपकिरीला खेटून फिकट, जवळजवळ पांढरा पिवळा ठेवला की चमकतं. दुपारी सुरू केलं ते संध्याकाळी झालं, आणि ती पैठणी चार सेंटिमीटरमध्येही पैठणीच दिसली. पहिले सहा दिवस वाचले असते, फक्त पहिल्या दिवशी कच्चं स्केच फोनवर टाकून बघायला हवं होतं. मी आता कुणालाही स्केच फोनवर बघितल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

आणि नऊवारी काढणार असाल तर नेसणाऱ्या बाईकडून काष्टा मागे कसा खोचतात ते एकदा बघून घ्या. सहावारीच्या निऱ्या पुढे सोडून वर नथ घातली की झाली नऊवारी, असं नसतं. खेळणारीला ते पहिल्या नजरेत कळतं.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते.

सगळ्या पात्रांची वयं बावीस आणि कंबर मुठीएवढी. पन्नाशीच्या बाईला तिच्या वयाची, कणखर, हुशार बाई दाखवा. मर्ज मॅन्शन या गेममधली आजी लोकांच्या लक्षात राहिली आहे.

पार्श्वभूमी तुकड्यांइतकीच भडक. मागचं सगळं एक पायरी फिकं करा.

छोटी बटणं. अँड्रॉइडसाठी गूगल किमान ४८ डीपी (स्क्रीनवरचं मोजमापाचं एकक) सांगतं, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. आयफोनसाठी ॲपलचे ४४ पॉइंट, हे त्यांचं तसंच एकक. एका हाताने लोकलचा दांडा धरलेली बाई दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खेळत असते, हे मनात ठेवून बटण खाली घ्या.

वेगवेगळ्या ठिकाणचे तयार चित्रांचे पॅक एकत्र करणं. एका खुर्चीला जाड बाह्यरेषा, दुसरीला नाहीच, दिव्याचा प्रकाश डावीकडून आणि सोफ्याचा उजवीकडून. एआयने काढलेल्या चित्रांचंही तेच होतं. एकेक चित्र देखणं, पण दहा एकत्र ठेवली की दहा घरांतून उचलून आणलेली वाटतात. मला हा शॉर्टकट मान्य नाही, आणि त्याचं कारण हट्ट नाही. घरसजावटीच्या गेममध्ये खेळणारीला स्वतःचं घर लागल्याचं समाधान हवं असतं, ते विसंगत सामानातून मिळत नाही. मी पहिल्या आठवड्यात एक पानभर नियम लिहून घेते: प्रकाश वरून डावीकडून, बाह्यरेषेची जाडी, कोपऱ्यांची गोलाई, ठरलेले रंग. ते पान भिंतीवर लागेपर्यंत एकही अंतिम चित्र होत नाही. घाई असलेल्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. तिसऱ्या महिन्यात ऐंशी वस्तू पुन्हा रंगवायची वेळ आली की वाटत नाही.

ॲप स्टोअरवर किंवा जाहिरातीत एक चित्र आणि गेमच्या आत भलतंच. २०२०मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने होमस्केप्स आणि गार्डनस्केप्सच्या दोन जाहिराती याच कारणाने थांबवल्या होत्या. दाखवलं ते कोडं आणि प्रत्यक्ष खेळ वेगळा होता.

शेवटची चूक आपल्या भाषेची. बटणाची पाटी इंग्रजी अक्षरांच्या उंचीने आखतात आणि मग त्यात ‘पूर्ण’ लिहितात. वरचा रफार कापला जातो, खालचा ऊकार चौकटीवर चढतो. मराठी येणार असेल तर पहिल्या दिवसापासून पाटीत ‘पूर्ण’, ‘मिळवा’ आणि ‘सर्वोत्कृष्ट’ हे तीन शब्द बसवून बघा. पहिल्यात वरची-खालची जागा कळते, दुसऱ्यात वेलांटीची आणि तिसऱ्यात रुंदीची.